हेमाद्री (हेमाडपंत)

(तेराव्या शतकाचा उत्तरार्ध). देवगिरीच्या यादवांचा मंत्री, धर्मशास्त्रावरील निबंधकार आणि महाराष्ट्राच्या लोकस्मृतीतला हेमाडपंत. वत्सगोत्री ब्राह्मण, पित्याचे नाव कामदेव. महादेव (कार. १२६१–७१) आणि रामचंद्र (कार. १२७१–१३११) या दोन यादव राजांच्या पदरी तो करणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता. साष्टीतील एका दानासंबंधीच्या ठाणे ताम्रपटात (शके ११९४, इ. स. १२७२) त्याचा उल्लेख असून झाडीमंडळ (पूर्व विदर्भ) जिंकल्याचे श्रेय त्याला दिले आहे. तेव्हा केवळ लेखणीवर जगणारा हा कारभारी नव्हता.

‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्याचा मुख्य ग्रंथ. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशा खंडांत त्याची आखणी आहे. कोणत्या तिथीला कोणते व्रत, दान कोणते व कोणाला, श्राद्ध केव्हा व कसे, हे सारे पुराणांतले आणि स्मृतींतले आधार देत तो सांगतो. स्वतःचे मत मोजके, उतारे मात्र अमाप. वाचायला तो कंटाळवाणा आहे, हे मान्य करावे लागते. पण आज मूळ रूपात न सापडणारी कितीतरी वचने या उताऱ्यांमुळेच टिकली. कमलाकरभट्टाच्या ‘निर्णयसिंधू’सारखे (१६१२) पुढचे निबंधग्रंथ पावलोपावली हेमाद्रीचा हवाला देतात. छापखाना नसताना हा पसारा साडेतीनशे वर्षे नक्कलकारांच्या हातांनी चालत राहिला. व्रतखंडाच्या आरंभी यादव कुळाची प्रशस्ती आहे. रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासात (१८८४) यादवांची वंशावळ लावताना तिचाच आधार घेतला.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीकाही त्याच्या नावावर आहे. ‘मुग्धबोध’ व्याकरणाचा कर्ता बोपदेव त्याच्या आश्रयाला होता. बोपदेवाच्या ‘मुक्ताफल’ या भागवतावरील ग्रंथाची ‘कैवल्यदीपिका’ टीका हेमाद्रीच्या नावाने प्रसिद्ध आहे.

लोकांनी मात्र यातले जवळजवळ काहीच लक्षात ठेवले नाही. त्यांचा हेमाडपंत देवळे बांधतो, मोडी लिहायला शिकवतो आणि लंकेहून बाजरी आणतो. चुना न वापरता, घडीव दगड खाचा-कुसवांनी एकमेकांत बसवून उभारलेल्या मंदिरांना महाराष्ट्रात सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात. परंतु अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ (इ. स. १०६०) मधले, हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे. बाजरीही या देशात त्याच्या कितीतरी शतके आधीपासून पिकत होती. मोडीची गोष्ट वेगळी आहे. ही लिपीही त्याने लंकेतून आणली, ही दंतकथा सोडून देता येते. पण लपेटदार, न थांबता लिहिता येणारी लिपी दप्तराला हवीच होती, आणि दप्तराचा प्रमुख तर तोच होता. पत्रलेखनाच्या रीती सांगणारे ‘मेस्तक’ही त्याच्याच नावावर घातले जाते. मोडी त्याने घडवली असे म्हणायला पुरावा नाही. तिला दरबारी वळण लावण्यात त्याचा हात असावा, एवढे संभवते.

महानुभाव पंथाच्या आठवणीत तो खलपुरुष आहे: पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या छळामागे हेमाद्री होता, असे त्या पंथाची परंपरा सांगते. वैराचा तपशील पंथीय बाजूनेच आलेला असल्याने तो जपून घ्यावा. विरोधाचे कारण मात्र समजण्याजोगे आहे. व्रते आणि अनेक देवतांची पूजा चक्रधरांनी नाकारली. हेमाद्रीने त्याच व्रतांचा कोश रचला. महानुभावांचे ग्रंथ मराठी गद्याच्या आरंभीचे; त्यांत तो या रूपाने शिरला, हे विशेष. त्याचे स्वतःचे उपलब्ध ग्रंथ सगळे संस्कृतात आहेत.

‘चतुर्वर्गचिंतामणी’ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापायला घेतला. त्याच सुमारास वाढलेल्या पिढीतले गोविंद रघुनाथ दाभोलकर (१८५९–१९२९) ‘श्री साईसच्चरिता’चे कर्ते म्हणून ‘हेमाडपंत’ याच नावाने ओळखले जातात. हे नाव त्यांना साईबाबांनी दिले, असे भक्तपरंपरा सांगते. शिर्डीच्या अनेक भक्तांना हेमाडपंत म्हटल्यावर आधी आठवतात ते दाभोलकरच.