घोट्याचे अस्थिबंध : इजा व प्रतिमानिदान

पाऊल आत मुरगळले की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (लिगामेंट) ताणले जातात. बहुधा पहिली इजा होते ती फिब्युला व टॅलस या हाडांना पुढून जोडणाऱ्या बंधाला. एक्स-रेत हाडे दिसतात, अस्थिबंध नव्हे. म्हणून तो मुख्यतः अस्थिभंग नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. तोही सरसकट नको. कॅनडात इयन स्टील व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ओटावा नियमांनुसार, घोटा दुखत असताना त्याच्या उंचवट्याच्या टोकाशी किंवा मागच्या कडेच्या खालच्या ६ सेंमी. भागात दाबल्यावर दुखले, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता आली नाहीत, तरच घोट्याचा एक्स-रे काढावा.

मग थेट एमआरआय का करू नये, असा आक्षेप येतो. त्यात फाटलेला बंध स्पष्ट दिसतो, हे खरेच; पण बहुतेकांचे पहिले उपचार आधारपट्टा आणि व्यायाम हेच राहतात, आणि न दुखणाऱ्या घोट्यातही जुन्या इजेच्या खुणा आढळतात. सूज ओसरल्यावर, चार-पाच दिवसांनी, हाताने केलेली तपासणी अधिक विश्वासार्ह ठरते. दुखणे आठवडेच्या आठवडे रेंगाळले, टॅलसवरील कूर्चेला इजा झाल्याचा संशय आला किंवा शस्त्रक्रिया करायची असली, तर मात्र एमआरआय टाळू नये. सोनोग्राफीत टाच पुढे ओढत बंधाची हालचाल प्रत्यक्ष पाहता येते, पण निष्कर्ष तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो. नडगीच्या दोन्ही हाडांना घोट्यावर जोडणारा बंध तुटल्याची शंका असल्यास, शक्य असेल तर पायावर भार देऊन एक्स-रे काढावा. झोपवून काढलेल्या चित्रात हाडांमधली फट झाकली जाऊ शकते.