ऑफरोड वाहन : पहिले बदल व सुटका-साधने

डांबरी रस्ता सोडून चिखल, वाळू, खडक किंवा ओढ्यातून जाणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत नव्या मालकाने प्रथम करावयाचे बदल, आणि रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी सोबत ठेवावयाची साधने. भारतात हा छंद महिंद्रच्या जीप व मारुती जिप्सी (१९८५) यांच्यावर वाढला. आजचा नवशिका बहुधा थार (२०१०, दुसरी पिढी २०२०) किंवा पाच दारांची जिम्नी (२०२३) घेतो. दुसऱ्या पिढीच्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिमी. व पाण्यात उतरण्याची कमाल खोली ६५० मिमी. दिलेली आहे, जिम्नीची उंची २१० मिमी. आहे. कारखान्यातून आलेली ही क्षमता नव्या चालकाच्या कौशल्यापेक्षा बरीच जास्त असते. म्हणून पहिला खर्च गाडी उंच करण्यावर न करता टायरमधील हवा आणि ओढण्याच्या जागा यांवर करावा.

हवा : टायरचा जमिनीवरील दाब ढोबळमानाने आतील हवेच्या दाबाइतका असतो. हवा कमी केली की टायरचा ठसा मुख्यतः लांबीत वाढतो, भार अधिक जागेवर पसरतो आणि चाक रुतण्याऐवजी वर राहते. रस्त्यावर तीसच्या आसपास पीएसआय असलेली हवा वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरवतात. त्याहून खाली, विशेषतः १२ च्या आत, वळताना टायर रिममधून निसटण्याचा धोका असतो. हवा उतरवलेली गाडी वेगाने चालवल्यास टायरची बाजू तापून फाटते; त्यामुळे डांबरावर येताच हवा भरणे बंधनकारक मानावे. यासाठी गेज आणि थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर पुरतो. रानात पंक्चरवाला नसतो, त्यामुळे पंक्चर काढण्याचा संचही याच पिशवीत असावा.

या तंत्राची उत्तम नोंद वाळवंटातली आहे. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने १९२९ ते १९३२ या काळात फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात मोहिमा केल्या. हवा कमी करून व वेग न सोडता टेकड्या चढता येतात, हे त्याने दाखवले. रुतलेल्या चाकाखाली सरकवण्यासाठी त्याला कैरोतल्या भंगारात पोलादी पन्हळी सापडल्या. त्या पहिल्या महायुद्धात खंदकांवरील छपरांसाठी बनवलेल्या होत्या. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’च्या ट्रकांवर अशाच पन्हळी बांधलेल्या असत. आज बाजारात मिळणाऱ्या, दाते असलेल्या प्लॅस्टिकच्या रिकव्हरी बोर्डचे काम हेच आहे. एकट्या गाडीने जाणाऱ्यास इतके उपयोगी दुसरे साधन नाही. बोर्ड चाकाखाली दाबण्याआधी फावड्याने चाकांपुढची आणि डिफरेंशियलखालची माती काढावी. पोट टेकलेली गाडी नुसती चाके फिरवून निघत नाही, उलट अधिक खोल जाते.

टायर : एचटी (रस्त्याचे), एटी (दोन्हींसाठी) व एमटी (चिखलाचे) असे प्रकार. नवशिक्यास एटी पुरेसे. देशावरील काळ्या रेगूर मातीत मात्र एटीच्या खाचा लगेच भरतात व टायर गुळगुळीत होतो. अशा चिखलात रुंद टायर बरा की तळची कडक जमीन गाठणारा अरुंद, यावर जाणकारांत एकमत नाही. मापाबाहेरचे मोठे टायर घातल्यास वेगमापक कमी वेग दाखवतो व ब्रेकवरील भार वाढतो.

ओढण्याची साधने : टोचन लावून चालती गाडी नेणे आणि रुतलेली गाडी उपसणे ही दोन निराळी कामे आहेत. टोचनाचा साधा पट्टा ताणत नाही. त्याने हिसका दिल्यास सगळा धक्का हुकावर येतो. उपसण्यासाठी नायलॉनचा कायनेटिक रोप वापरतात. तो सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणतो आणि साठलेली शक्ती रुतलेल्या गाडीला देतो. रोपाची तुटण्याची क्षमता गाडीच्या भारित वजनाच्या दोन ते तीन पट घेण्याची पद्धत आहे.

रोप कोठे अडकवायचा, हा या सर्व विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला (टो-बॉल) रोप कधीही लावू नये. ताणाखाली तो तुटून काचेतून आत घुसल्याने माणसे मेली आहेत. बंपरमध्ये स्क्रूने बसणारी टोचनाची कडीही हिसक्यासाठी नसते. चेसिसला बोल्टने पक्क्या केलेल्या, क्षमता नोंदवलेल्या रिकव्हरी पॉइंटवर, गाडीच्या पुढे व मागे दोन्हीकडे, पहिला पैसा खर्च करावा. जोडणीसाठी पाऊण इंची बो-शॅकल (कार्यभार ४.७५ टन) किंवा धाग्यांचा सॉफ्ट शॅकल वापरतात. हलका असल्याने सॉफ्ट शॅकल रोप तुटल्यास कमी घातक ठरतो, पण खडकाच्या धारेवर कापला जातो. दोन रोप लोखंडी शॅकलने जोडू नयेत. रोपावर मधोमध जड गोधडी किंवा डँपर टाकावा. बघ्यांना रोपाच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभे करावे. आपल्याकडे गाडी अडकली की गर्दी जमते, तेव्हा हे काम चालकाशिवाय दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्यावे.

विंच (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) : क्षमता भारित वजनाच्या किमान दीडपट हवी. नोंदवलेली ओढ ड्रमवरील पहिल्या थरापुरती असते, पुढच्या प्रत्येक थरास ती घटते. स्नॅच ब्लॉक (कप्पी) लावल्यास ओढ जवळपास दुप्पट व वेग निम्मा होतो. झाडाला रोप थेट न गुंडाळता रुंद पट्टा वापरावा, नाहीतर साल कापून झाड मरते. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेत विंचशिवाय निभावत नाही. जोडीला दुसरी गाडी असलेल्या नवशिक्यास मात्र विंच लगेच लागत नाही.

डिफरेंशियल लॉक (एका आसावरील दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) : थारच्या काही प्रकारांत मागील यांत्रिक लॉक कारखान्यातूनच येतो.

स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी), छतावरचे दिवे : प्राथमिक गरज नाही.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बुलबारविरुद्ध (बंपरपुढे बसवलेल्या धातूच्या दांड्यांविरुद्ध) कारवाई करण्यास राज्यांना कळवले. सुटे ठेवता येणारे सुटका-साहित्य बाळगण्यास अडचण नाही. बंपर, टायरचे माप व उंची यांबाबत आरटीओचे मत आधी घ्यावे. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे.