एमआरआय नाही म्हटल्यावर: सोनोग्राफीचा एक विसरलेला इतिहास

समजा, सायखेड्याच्या एका द्राक्षबागेत ऑक्टोबरची छाटणी चालू आहे. दिवसभर हात मांडवाकडे वर. एका मजुराचा खांदा महिनाभर दुखतोय. जुन्या फ्रॅक्चरमुळे त्याच खांद्यालगत स्टीलची पट्टी बसवलेली आहे. एक्स-रेत हाड नीट जुळलेलं दिसतं. पण टेंडन फाटलंय का, हे त्यात कळत नाही. एमआरआय काढावा, तर धातूभोवती चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि नेमका दुखरा भागच वेडावाकडा येतो. टायटॅनियम असतं, तर हा त्रास कमी झाला असता.

मग उरते सोनोग्राफी. ध्वनिलहरींना चुंबकाशी देणंघेणं नाही. पट्टीच्या वर असलेलं टेंडन दिसतं, तेही हात हलवताना. पट्टीच्या मागचं मात्र दिसत नाही, आणि तपासणाऱ्याचा हात सरावाचा लागतो.

आपण हिला ‘दुय्यम पर्याय’ समजतो. तारखा बघा. सांध्याभोवतीच्या ऊतींची ध्वनिलहरींनी मोजमापं ड्युसिक आणि सहकाऱ्यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केली. गुडघ्यामागची बेकर्स सिस्ट सोनोग्राफीने ओळखल्याचा लेख 1972 चा. एमआरआयचा पाया घालणारा लॉटरबरचा लेख आला 1973 मध्ये. म्हणजे पर्याय आधी आला, ‘मुख्य’ चाचणी नंतर!

आता महाराष्ट्राकडे या. गर्भलिंग निदानाविरुद्ध मुंबईत चळवळ उभी राहिली आणि 1988 मध्ये देशातला असा पहिला कायदा आपल्या राज्याने केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तरी राज्यात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या (0 ते 6 वयोगट) 1991 मध्ये 946 होती, ती 2011 मध्ये 894 वर आली. त्यामुळे नियम कडक होत गेले. यंत्र खांदे बघायला घेतलं तरी नोंदणी आलीच. 2012 पासून तर हातात मावणारं यंत्रही वाटेल तिथे नेता येत नाही; नोंदलेल्या जागेत किंवा नोंदलेल्या फिरत्या पथकातच वापरायचं.

हे नियम उगाच आले नाहीत. मुलींचे जीव त्यामागे आहेत. पण बांधावर जाऊन खांदा तपासणं त्यामुळे अवघड झालं, हेही तितकंच खरं.

तुम्ही संशोधनाचा आराखडा लिहाल तेव्हा ‘कोणती चाचणी अचूक?’ एवढंच विचारून थांबू नका. ती चाचणी रुग्णापर्यंत पोचते का, आणि पोचत नसेल तर कोणत्या इतिहासामुळे, हेही विचारा. अचूकतेचे आकडे जर्नलमध्ये मिळतील. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र राजपत्र, जनगणना आणि तालुक्याचा नकाशा एकत्र ठेवून वाचावं लागेल.