ऑक्टोबर २००३ : डेट्रॉइटचा बचाव आणि माझं आपटलेलं भाकीत

एनबीएचा नवा हंगाम जवळ आला की भाकितांचं पीक येतं. कोणाची संघबांधणी भक्कम, कोणाचा बचाव गळका, कोण जूनपर्यंत टिकणार. सध्या फीडवर तेच चालू आहे आणि मी गुपचूप वाचतोय. कारण २००३च्या ऑक्टोबरमध्ये मीही असंच एक भाकीत मोठ्या तोऱ्यात ठोकलं होतं. ते कसं आपटलं ते आज लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

तेव्हा मी डेट्रॉइटच्या उत्तरेच्या उपनगरात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी इंजिनीअर होतो. बास्केटबॉल मला टीव्हीवरच्या मायकेल जॉर्डनमुळे ठाऊक, म्हणजे खेळ म्हणजे बास्केट टाकणारा माणूस, एवढीच समज. आमच्या तपासणी विभागात पन्नाशीचा एक गृहस्थ होता, जन्म डेट्रॉइटचाच. जेवणाच्या सुट्टीत तो पेपरातलं क्रीडापान उघडायचा आणि मी वाद घालायचो.

संघ होता डेट्रॉइट पिस्टन्स. नाव गाड्यांच्या शहराला इतकं शोभतं की ते तिथलंच वाटतं, पण संघाचा जन्म इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा. मालक फ्रेड झोलनर यांचा पिस्टनचा कारखाना होता, त्यावरून नाव. १९५७मध्ये संघ डेट्रॉइटला आला आणि नाव आयतंच बसलं.

तर त्या ऑक्टोबरमधली परिस्थिती अशी. आधीच्या हंगामात पिस्टन्स ८२पैकी ५० सामने जिंकून पूर्व विभागात पहिले आले, पण विभागाच्या अंतिम फेरीत न्यू जर्सीने त्यांना ४-० असं धुतलं. मग व्यवस्थापनाने प्रशिक्षक रिक कार्लाइल यांना काढलं. सलग दोन वर्षं ५० विजय मिळवून देणारा, २००२चा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेला माणूस! त्यांच्या जागी साठी ओलांडलेले लॅरी ब्राउन आले.

त्यात ड्राफ्टचा घोळ. १९९७मध्ये ओटिस थॉर्प नावाच्या खेळाडूच्या बदल्यात व्हँकुव्हरकडून भविष्यातली एक निवड मिळाली होती. सहा वर्षांनी तिला लॉटरी लागली : थेट दुसरा क्रमांक. पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलँडने लेब्रॉन जेम्स घेतला. दुसऱ्यावर पिस्टन्सने नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केलेला सर्बियाचा सात फुटी दार्को मिलिचिच घेतला. त्याच्या मागे रांगेत उभे होते कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड.

आणि तिकडे लॉस एंजेलिसमध्ये शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांच्या जोडीला कार्ल मलोन आणि गॅरी पेटन, तेही कमी पैशांवर, केवळ विजेतेपदासाठी. म्हणजे चार हुकमाचे एक्के एकाच हातात.

मी जाहीर केलं : पिस्टन्स यंदा मागे जाणार. या संघात आदल्या हंगामात सरासरी २० गुण काढणारा एकही माणूस नाही. रिचर्ड हॅमिल्टन १९.७वर अडकलेला, बाकीचे त्याच्याही खाली. आमचे तपासणीवाले म्हणाले, पैज? ठरलं. जो हरेल त्याने पुढच्या हिवाळ्यातला पहिला बर्फ दुसऱ्याच्या दारातून उपसायचा. (मिशिगनचा हिवाळा पाहिलेल्यांना या पैजेचं वजन कळेल.)

मी गुणांचा तक्ता वाचत होतो. तो माणूस बघत होता की हे पाच जण एकमेकांच्या मागे कसे उभे राहतात.

आधी ते पाच आले कुठून ते बघा. जो ड्यूमार्स हे संघाचे प्रमुख. स्वतः जुने पिस्टन, १९८९ आणि १९९०च्या विजेत्या संघातले, बचावासाठीच नावाजलेले गार्ड. २०००मध्ये त्यांचा सर्वांत मोठा तारा ग्रँट हिल ऑर्लँडोला निघाला. थांबवता येणार नव्हतंच, तेव्हा व्यवहारात बदल्यात दोन खेळाडू पदरात पाडून घेतले, त्यातला एक बेन वॉलेस. १९९६च्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने घेतलं नव्हतं. लोक हळहळले. पुढे काय झालं? घोट्याच्या दुखापतीमुळे हिल पहिल्या हंगामात फक्त चार सामने खेळू शकला आणि बेन दोन वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला. २००२-०३मध्ये त्याचे सरासरी रिबाउंड १५.४ आणि गुण फक्त ६.९. हा ६.९चा आकडा मी पैजेच्या वेळी हसत वाचून दाखवला होता, आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

चॉन्सी बिलप्स १९९७च्या ड्राफ्टमधला तिसरा, पण बोस्टन, टोरंटो, डेन्व्हर, मिनेसोटा अशी गावं हिंडून २००२मध्ये इथे आलेला. हॅमिल्टन वॉशिंग्टनकडून आला, आणि त्याच्या बदल्यात ड्यूमार्सनी कोण दिला? जेरी स्टॅकहाउस, ज्याने दोनच वर्षांपूर्वी सामन्यामागे २९.८ गुण काढले होते. टेशॉन प्रिन्स २००२च्या ड्राफ्टमधला तेविसावा, काटकुळा, पण हात असे लांब की समोरच्याला वाटावं सुटलो, आणि मागून चेंडू उडावा.

आता नियमाचं. कंटाळा करू नका, सगळी गंमत इथे आहे. २००१पर्यंत एनबीएमध्ये जागा धरून बचाव करायला बंदी होती. आपल्या माणसाला सोडून मधल्या भागात रेंगाळलं की दंड. त्यामुळे तारांकित खेळाडूला एका बाजूला मोकळं सोडायचं, बाकीच्या चौघांनी दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहायचं, असा रटाळ खेळ चालायचा. २००१-०२पासून ही बंदी उठली. एवढंच बंधन उरलं की कोणाला न अडवता बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही. म्हणजे आता मदतीला धावून येणाऱ्याची किंमत वाढली.

कबड्डी खेळलेल्यांना हे एका वाक्यात कळेल. कोपऱ्यातला घोटा धरतो, पण चढाईवाला अडतो तो शेजारचे दोघे त्याच क्षणी झडप घालतात म्हणून. ते अर्धा सेकंद उशिरा आले तर कोपऱ्यातला एकटाच फरफटत जातो, आणि गुणफलकावर त्याचीच चूक दिसते. पिस्टन्सचं हेच होतं. बाहेरचे तिघे समोरच्याला मनासारखं वळू द्यायचे नाहीत, कडेकडेने नेत बेनच्या तोंडी द्यायचे. बेन पुढे सरसावला की त्याची सुटलेली जागा भरायला दुसरा आलेला असायचा. ही सवय कुठल्या तक्त्यात दिसणार?

अर्थात ऑक्टोबरमधला संघ पुरा नव्हता, हे मी अजूनही माझ्या बचावात सांगतो. बेनच्या जोडीला उंच, चपळ आणि चेंडूही टाकू शकणारा माणूस हवा होता. तो १९ फेब्रुवारी २००४ला तीन संघांच्या अदलाबदलीत मिळाला : रशीद वॉलेस. डोकं तापट, पंचांशी रोजची भांडणं, अटलांटाकडून जेमतेम एक सामना खेळून आलेला. त्यानंतरच्या मार्चमध्ये पिस्टन्सने सलग पाच प्रतिस्पर्ध्यांना सत्तरच्या आत रोखलं. हंगाम संपला तेव्हा ५४ विजय, आणि समोरच्याला दिलेले गुण सरासरी ८४.३.

पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत समोर इंडियाना, आणि प्रशिक्षक कोण? तेच काढून टाकलेले कार्लाइल, ६१ सामने जिंकून आलेले. दुसऱ्या सामन्यात शेवटच्या क्षणांत रेजी मिलर एकटाच सोप्या बास्केटकडे निघाला, बरोबरी होणार हे नक्की. प्रिन्स पार मागून धावत आला आणि चेंडू उडवून स्वतः प्रेक्षकांत जाऊन पडला. कारखान्यात दुसऱ्या दिवशी कोणी धड काम केलं नाही.

अंतिम फेरी लॉस एंजेलिसशी. निकाल ४-१. तिसऱ्या सामन्यात चार एक्क्यांचा तो संघ ६८ गुणांवर आटोपला. कोबीचे त्या मालिकेत शंभरात ३८ फटके लागले, समोर बहुतेक वेळ प्रिन्स. मलोनचा गुडघा दुखावला होता हे खरं, शेवटचा सामना तो खेळलाच नाही. पण तिसऱ्या सामन्यात तो मैदानात होता.

मग दार्कोचं काय? पहिल्या हंगामात ३४ सामने, तेही बहुधा निकाल लागून गेल्यावरची काही मिनिटं. ड्यूमार्स चुकलेच. पण मला राग येतो तो त्या पोराची वर्षानुवर्षं टिंगल करणाऱ्यांचा. परक्या देशात आलेला अठरा वर्षांचा मुलगा, विजेतेपदासाठी झगडणाऱ्या संघात बाकावर बसवलेला. तो शिकणार कुठे आणि कधी? चुकीची किंमत मात्र वसूल झालीच. २००५मध्ये सॅन अँटोनियोने अंतिम फेरीत ४-३ने हरवलं. २००६मध्ये विभागाच्या अंतिम फेरीत मायामीने बाहेर काढलं, आणि मायामीचा म्होरक्या होता ड्वेन वेड, ज्याला पिस्टन्सने सोडून दिलं होतं. त्याच उन्हाळ्यात बेन शिकागोला गेला, आणि तो बचाव पुन्हा तसा जमला नाही.

बेन २०२१मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. जिथे तो खेळला ते ऑबर्न हिल्समधलं 'पॅलेस' मैदान २०२०मध्ये स्फोटाने पाडलं. मालक बिल डेव्हिडसन यांनी ते १९८८मध्ये खासगी पैशातून उभं केलं होतं. संघ आता शहरात आहे, नव्या इमारतीत, जिच्या खर्चात करदात्यांचा मोठा वाटा आहे. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन कधीतरी.

पैज राहिली. पुढच्या हिवाळ्यात पहिला जाड बर्फ पडला त्या सकाळी सहाला फोन वाजला. पलीकडून एकच वाक्य, फावडं गॅरेजच्या दाराशी ठेवलंय. दीड तास लागला. तो खिडकीत कॉफीचा मग घेऊन उभा होता, आणि मी कुठला कोपरा सोडला ते काचेवर बोट टेकवून दाखवत होता.