तळटीप : पानपिंपरी

३. पानपिंपरी : लेंडीपिंपळीचे वऱ्हाडी नाव. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यात अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजाने पानवेलीसोबत हे पीक जोपासले. वाळवलेली फळे औषधात येतात. सुंठ व मिरी यांच्यासह ती त्रिकटूत पडते. सितोपलादि चूर्णातही असते. चिनी वैद्यकात हीच पिंपळी ‘बीबो’ या नावाने पोटदुखी व उलटीवर देतात. त्यामुळे केमोथेरपीच्या काळात भूक मेली, मळमळ वाढली की घरची मंडळी पिंपळी-मधाचे चाटण पुढे करतात, हे स्वाभाविकच. मात्र तिच्यातील पिपेरिन आतड्यातील व यकृतातील औषधे मोडणारी विकरे मंद करते, म्हणून काही औषधे रक्तात जास्त उतरतात. क्षयावरील एका भारतीय गोळीत याच गुणाच्या आधारे रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली गेली. डोसेटॅक्सेलसारखी कर्करोगावरची औषधे अशाच विकराकडून मोडली जातात. तिथे हा गुण अपायकारक ठरू शकतो. स्वयंपाकातल्या चिमटीची गोष्ट वेगळी. चूर्ण, काढा किंवा कॅप्सूल नियमित घ्यायची असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञाला सांगावे. – संपा.