कुलाब्याचं ‘नाही’

नवा कण म्हटलं की जिनिव्हाचं अवाढव्य यंत्र आठवतं. पण आणखी एक वाट आहे: मोजमाप इतकं काटेकोर करायचं, की न दिसणाऱ्या कणाची ओढही जाणवावी.

१९८६ साली अमेरिकेत एफ्राइम फिशबाख यांनी हंगेरीच्या एत्व्हश यांच्या जुन्या नोंदी तपासून ‘पाचव्या बला’चा दावा केला. काही शे मीटर पोचणारं, अणूच्या घडणीनुसार कमीजास्त होणारं बल. बल नवं, तर ते वाहणारा कणही नवा, अतिशय हलका.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले रामनाथ कौसिक, उन्नीकृष्णन आणि सहकारी ते तपासायला निघाले. बारीक तारेला टांगलेला, किंचित ओढीनेही पिळणारा तराजू लोकलच्या शहरात कसा स्थिरावणार? तो कर्नाटकात गौरीबिदनूरला, जमिनीखाली बसवला. न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या प्रमाणानुसार ओढ बदलते का, हा प्रश्न होता. १९८८ आणि १९९० च्या निबंधांत उत्तर आलं: असं बल सापडत नाही, असलंच, तर या मर्यादेखाली.

अशा ‘नाही’ची बातमी होत नाही. पण पुढच्याने कुठे शोधू नये, हे त्यातूनच कळतं. आज अणुघड्याळं आणि लेसर घेऊन निघालेले लोक अशाच मर्यादांच्या पलीकडे शोधताहेत.