उंब्रज परिसरातील विद्यार्थी अर्थसाहाय्याची वाटचाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सातारा आणि कराड यांच्या दरम्यान, कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमावर वसलेले उंब्रज हे कराड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव होय. या परिसरातील शेतकरी कुटुंबांची मुले उच्च शिक्षणासाठी कराड, सातारा, पुणे येथे जात आली आहेत. त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलावा आणि त्यातील धोका कोणी पत्करावा, हा प्रश्न मात्र शैक्षणिक कर्जाच्या योजनांहून कितीतरी जुना आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या उत्तरांत काळानुसार झालेल्या बदलांचा परामर्श घेतला आहे.

शेतीकर्ज आणि शिक्षण :

पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध उठाव झाले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी विहीर, बांधबंदिस्ती, बी-बियाणे व बैल यांसाठी तगाई देण्याची तरतूद केली. मुलाचे शिक्षण हे प्रयोजन मात्र यात नव्हते. त्यासाठी कर्ज काढावयाचे तर सावकाराचे दार आणि तारणाला जमीन, एवढाच मार्ग सामान्य कुटुंबापुढे उरत असे. मुलगा नापास झाला तरी कर्ज फिटत नसे.

रयत शिक्षण संस्थेचा मार्ग :

या कोंडीतून वेगळी वाट कराड तालुक्यातच निघाली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत. वसतिगृहातील मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, खर्ची पडले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडात सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणापर्यंत पोहोचले.

या व्यवस्थेचे आर्थिक मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. विद्यार्थ्याचे श्रम हेच येथे भांडवल होते आणि तारण म्हणून जमीन लागत नव्हती. धोका कुटुंबाऐवजी संस्थेने पत्करला होता. शिवाय मदत करणारा विद्यार्थ्यास नावाने व घरच्या परिस्थितीने ओळखत होता.

शासनाचा पुढाकार :

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या पाल्यांना फी-माफीची सवलत मिळाली. ‘ई.बी.सी.’ या नावाने ती खेडोपाडी परिचित झाली. सवलतीचा निकष जातीऐवजी उत्पन्नाचा असल्याने अल्पभूधारक शेतकऱ्यांना तिचा आधार मिळाला. १९६३-६४ पासून केंद्र शासनाने गुणवंत गरजूंसाठी बिनव्याजी राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती सुरू केली. पुढे ती बंद झाली. तरीही शिक्षणासाठी कर्ज देणे हे शासनाचे काम आहे, ही कल्पना तिने रुजविली.

बँकांचे शैक्षणिक कर्ज :

अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षण खासगी क्षेत्रात विस्तारल्यावर फी-माफी अपुरी पडू लागली. २००१ मध्ये भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. तीत ४ लाख रुपयांपर्यंत तारणाची अट नव्हती, परंतु पालक सहकर्जदार झाले. २००९ पासून वार्षिक ४.५ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळातील व्याजावर केंद्राचे अनुदान मिळू लागले. २०१५ मध्ये विद्यालक्ष्मी संकेतस्थळ व कर्जहमी निधी आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत जामीनदाराची अट नाही. तथापि ती गुणवत्ता क्रमवारीतील निवडक संस्थांपुरती मर्यादित असल्याने ग्रामीण महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर राहतात.

निष्कर्ष :

सावकार, संस्था, शासन आणि बँक अशा चार टप्प्यांतून ही वाटचाल झाली. रकमा वाढल्या आणि नियम स्पष्ट झाले, परंतु धोका पुन्हा कुटुंबाकडे वळला. मदत देणारा व घेणारा यांच्यातील ओळखही संपली. उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळाल्यास किंवा व्याज अनुदानाची माहितीच नसल्यास पात्र विद्यार्थी हक्काच्या लाभास मुकतो. पूर्वी वसतिगृहाचा रेक्टर जे काम करीत असे, ते आज महाविद्यालयाच्या कार्यालयाकडे आले आहे. प्रवेशाच्या वेळीच शिष्यवृत्ती, फी-सवलत आणि शेवटी कर्ज या क्रमाने मार्गदर्शन होणे अगत्याचे आहे. कर्ज घ्यावयाचेच असल्यास परतफेड केव्हा सुरू होईल आणि मासिक हप्ता किती पडेल, हे सहीपूर्वी पालकास मराठीतून समजावून सांगितले पाहिजे. १८७९ च्या कायद्याने कर्जाचा हिशेब उलगडण्याचे काम न्यायालयावर सोपविले होते. ते काम आज कर्ज घेण्यापूर्वी महाविद्यालयात झाले, तर कर्मवीरांनी काले येथे सुरू केलेल्या कार्याचे ते पुढचे पाऊल ठरेल.